टायपिंगच्या बाई आणि खाडीकिनारा बेंजो पार्टी

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. ठाण्याच्या कोपरीत एका पीठगिरणीच्या वरच्या मजल्यावर रमाबाई कासारे यांचा टायपिंगचा क्लास होता. अकरा मशीनं, त्यांतली नऊ चालणारी. खाली गिरणीची घरघर, वर नऊ मशीनांची टकटक, आणि त्या कल्लोळात बाई पाठमोऱ्या बसून पेपर तपासायच्या. मध्येच मान न वळवता म्हणायच्या, "खिडकीपाशी कोण आहे? करंगळी झोपलीय तुझी." आणि ती खरोखरच झोपलेली असायची. वीस वर्षांत बाईंचा कान असा तयार झाला होता.

गाण्याबजावण्याशी मात्र त्या कानाचं काही देणंघेणं नव्हतं. घरी रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता. नवरा बाबुराव, पोस्टात नोकरीला, आंघोळ करताना गुणगुणायला लागला तरी बाई बाहेरून दार वाजवायच्या. आणि लग्नाची वरात बेंजो वाजवत खालून निघाली, की उठून क्लासच्या खिडक्या लावून घ्यायच्या. "गोंगाट नुसता," म्हणायच्या.

त्यांच्याकडे रंभा आली. एकोणीस वर्षांची, सडपातळ, बोलायला संकोची. तिला घेऊन आला होता तिचा बाप परशुराम, खाडीत होडी घालणारा कोळी. दारातच चपला काढून तो म्हणाला, "बाई, हिला हापिसात बसवायची हाय. खाडीत आता काय राहिलं नाय. दिवसभर पाण्यात उभा राहिलो तरी टोपलीचा तळ झाकत नाय."

बाईंना असं कुणी म्हणालं की त्या अंग मोडून शिकवायच्या. मुलीच्या हाती विद्या आली की ती कुणापुढे वाकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिलं होतं. रंभा मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा काठावर पास झाली आणि चाळीसला अडली. वेग भरपूर, पण अक्षरं गळायची. अनामिका आणि करंगळी, ही दोन बोटं जिवावर आल्यासारखी चालायची. बाईंनी चार महिने त्या दोन बोटांचाच पिच्छा पुरवला. मशीनवर टॉवेल टाकायच्या, म्हणजे बटणांकडे बघायची सोयच नाही, आणि तीच ती अक्षरं शंभर-शंभर ओळी काढून घ्यायच्या. रंभाने कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट क्लास सुटल्यावरही बसायची.

एक दिवस ती घुटमळत म्हणाली, "बाई, ती दोन मोडकी मशीनं हायत ना कोपऱ्यात, त्यांची चार बटणं घेऊ?"

"बटणं? कशाला?"

"बेंजोला. आमच्या बेंजोची तुटलीत. टायपिंगचीच बसतात त्याला."

बाईंना वाटलं पोर चेष्टा करते आहे. मग कळलं ते असं. परशुरामाची पाच जणांची खाडीकिनारा बेंजो पार्टी होती. तो स्वतः ढोलकीवर, त्याचा भाऊ दामाजी ड्रमवर, दोन चुलतभाऊ ताशा आणि खुळखुळ्यावर. बेंजो वाजवणारा माणूस मोठ्या ऑर्केस्ट्रात गेला, तेव्हापासून बेंजोवर रंभा बसत होती. लहानपणापासून नुसतं बघून शिकलेली. बाईंनी पक्कड घेऊन चार बटणं काढून दिली, वर दहा मिनिटं बोलणीही ऐकवली. परीक्षा तोंडावर आली आहे, आणि हे काय नसतं खूळ!

त्यानंतर रंभा चार दिवस फिरकलीच नाही. पाचव्या दिवशी परशुराम येऊन उभा राहिला. "बाई, रागावू नका. रविवारी मैदानात बेंजोची स्पर्धा हाय, म्हणून पोरीला घरी ठेवली. तुमी या ऐकायला."

बाई गेल्या त्या रंभाला चार शब्द सुनवायलाच. संध्याकाळचे पाच वाजले होते. मैदानात मांडव घातलेला, पुढे पोरं बसलेली, मागे बायका. एकामागून एक पार्ट्या येऊन जात होत्या आणि बाई कानाला पदर लावून कडेला उभ्या होत्या. मग खाडीकिनारा पार्टीचं नाव पुकारलं गेलं. पाच जणं वर चढली. चार बाप्ये मळकट पांढऱ्या शर्टांत, आणि मध्ये स्टँडवर ठेवलेल्या बेंजोमागे निळ्या साडीतली रंभा. कुणीतरी शिट्टी मारली. परशुरामाने ढोलकीवर थाप दिली.

आणि बाईंच्या कानावरचा पदर आपोआप खाली आला.

आधी त्यांना कळेचना की आपल्याला काय झालंय. सूर बारीक, धारदार, एकेक सुटा. तारेवर नखी चालवणारा उजवा हात दिसतच नव्हता इतका वेगात होता. पण बाईंची नजर गेली ती डाव्या हाताकडे, बटणांवर. मघापासूनचे सगळे बेंजोवाले दोन बोटांनी, फार तर तीन बोटांनी वाजवत होते. रंभाची चारही बोटं चालत होती. अनामिका उतरत होती, करंगळी उतरत होती, ठाशीव, वेळेवर, एकही अक्षर न गाळता. दुसरे बेंजोवाले जिथे मधले सूर गाळून उडी मारायचे तिथे ही एकेक सूर चालत जात होती. आणि ती खाली बघतही नव्हती. समोर, मैदानापलीकडे, खाडीच्या बाजूला कुठेतरी तिची नजर लागली होती.

हा हात मी ओळखते, बाईंच्या मनात आलं. ही बोटं मीच हलवली. पण त्यांतून हे निघेल, हे मला कुठे ठाऊक होतं?

वाजवणं संपलं तेव्हा शिट्टी मारणारा पोरगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. पार्टी पुढच्या फेरीत गेली. रंभा खाली उतरली, बाईंना बघून थबकली. "बाई, उद्या येते क्लासला, नक्की येते."

सुनवायचे चार शब्द बाईंना आठवेनात. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढची फेरी कुठे आहे?"

ती दिवा गावात होती, तीन आठवड्यांनी. बाई एकट्या गेल्या. घरी सांगितलं, एका विद्यार्थिनीकडे काम आहे. दिव्यात नव्या चाळी धडाधड उभ्या राहत होत्या. माणसं आली होती, पाणी आलं नव्हतं. दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत स्टेज बांधलेलं. खाडीकिनारा पार्टी वाजवायला लागली आणि दोनच मिनिटांत मागून कुणीतरी ओरडलं, "टँकर!"

अर्धं पब्लिक उठलं. खुर्च्या पडल्या, हंडे खणखणले, बायका पदर खोचून धावल्या. एक परीक्षकही मान वळवून टँकरकडे बघायला लागला. परशुरामाचा ठेका अडखळला. बाईंना वाटलं, गेलं सगळं.

रंभाने वाजवणं थांबवलं नाही. तिने आवाज चढवला नाही की वेग वाढवला नाही. फक्त हळदीच्या वेळी कोळणी म्हणतात त्या चालीवर सरकली. टँकरच्या रांगेतल्या एका म्हातारीने ती चाल ओळखली. तिने रिकाम्या हंड्यावर बोटांनी ताल धरला. शेजारणीने धरला. बघता बघता टँकरपासून गल्लीच्या तोंडापर्यंत सगळी रांग हंडे वाजवायला लागली, आणि दामाजी ड्रम सोडून नुसता बघत राहिला. ज्यांचे हंडे भरले होते त्या घरी गेल्या नाहीत. भरला हंडा कमरेवर, तशाच स्टेजसमोर येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हंड्यातून पाणी सांडत होतं, साडी भिजत होती. दिव्यात, जिथे वाटीभर पाण्यावरून भांडणं व्हायची, तिथे त्या बाईला पाणी सांडल्याचं भान नव्हतं.

खाडीकिनारा पार्टी अंतिम फेरीत पोचली. घरी येऊन रमाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला.

"म्हणजे चांगलं वाजवलं?" बाबुरावांनी विचारलं.

"चांगलं नाही हो. चांगलं वेगळं. हे... जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं."

"बरं. पण उद्या मी बाथरूममध्ये गायलो तर चालेल ना?"

अंतिम फेरी जानेवारीत होती, डोंबिवलीला. त्याआधी चाळीसची परीक्षा होऊन गेली. रंभा पुन्हा थोडक्यात हुकली, आणि बाईंना स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्यांना राग आला नाही. उलट रविवारी गिरणी बंद असते म्हणून त्यांनी क्लासची किल्लीच परशुरामाच्या हातात दिली. "इथे तालीम करा."

एका रविवारी रंभा एकाच जागी अडत होती. सूर खालून वर झरझर जायचे, तिथे तिसऱ्यांदा हात घसरला. बाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. उठल्या, कपाटातला टॉवेल काढला आणि बेंजोच्या बटणांवर टाकला.

परशुराम हसला. "बाई, हे काय मशीन हाय?"

"मला गाण्यातलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण ती अडते तिथे खाली बघते. बघितलं की बोट घाबरतं. हळू वाजव गं. आधी हळू."

रंभाने डोळे मिटले. हळू वाजवलं. पुन्हा हळू. दामाजीने काठ्या मांडीवर ठेवल्या. ती चाल एवढ्या संथपणे कुणी कधी ऐकलीच नव्हती; प्रत्येक सूर वेगळा उभा राहत होता.

डोंबिवलीचं मैदान खच्चून भरलं होतं. कॅसेट काढणारा एक माणूस आला आहे, जिंकेल त्याची कॅसेट निघेल, अशी कुजबुज होती. कल्याणच्या पार्टीचा दरारा मोठा. वीस वादक, लाल कोट, दोन बेंजो, आणि त्यांचे प्रमुख अण्णा, साठीचे, तीस वर्षं बेंजोवर बसलेले. त्यांनी मैदान अक्षरशः हलवलं. लोक खुर्च्यांवर चढून नाचले. ती धूळ खाली बसायच्या आत खाडीकिनारा पार्टीला बोलावलं.

बाई पहिल्या रांगेत होत्या. परशुरामाने ठरल्याप्रमाणे जलद ठेका धरला. रंभाने वाजवायला सुरुवातच केली नाही. बापाकडे बघून तिने हलकेच मान हलवली. परशुराम गोंधळला, मग त्याने ढोलकीवरचे हात उचलले. आणि तिने ती हळदीची चाल लावली, तालमीत वाजवली होती तशी, एकेक सूर, संथ.

मागून दोघे-चौघे ओरडले, "ए, जोरात!" मग तेही गप्प झाले. नाचायला उभी राहिलेली माणसं तशीच उभी राहिली. एवढ्या मोठ्या मैदानात त्या एका तारेचा आवाज कडेच्या झाडांपर्यंत जाऊन परत येत होता. बाईंना शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. वीस वर्षं त्या विद्यार्थ्यांच्या बोटांचे आवाज ऐकत आल्या होत्या, चुका पकडत आल्या होत्या. आज पकडायला काही नव्हतं. बोट उतरायचं, सूर उमटायचा, आणि पुढचं बोट उतरेपर्यंत जी शांतता असायची, तीसुद्धा तिनेच वाजवल्यासारखी वाटत होती. बाईंनी हात जोडले होते. कधी जोडले, त्यांना कळलं नाही.

चार मिनिटं ते तसं चाललं. मग परशुरामाने न राहवून थाप दिली, आणि पाचही जणं अशी सुटली की मैदानाने एकच आरोळी ठोकली.

पहिला नंबर कल्याणचा आला. खाडीकिनारा दुसरी. दामाजी पाय आपटत म्हणाला, "हळू वाजवलंस म्हणून गेलं." तेवढ्यात लाल कोटातले अण्णा गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी रंभाला डावा हात पुढे करायला सांगितलं, करंगळी दोन बोटांत धरून बघितली आणि कानाच्या पाळीला हात लावला.

"पोरी, तीस वर्षं झाली, माझी ही दोन बोटं अजून कामाची नाहीत. कुणाकडे शिकलीस?"

रंभाने बोट दाखवलं. "या बाईंकडे."

"आपण कुठला बेंजो वाजवता?" अण्णांनी अदबीने विचारलं.

"मी?" रमाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, मी टायपिंग शिकवते!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला.

कॅसेट कल्याणच्या पार्टीची निघाली. खाडीकिनाऱ्याची कधीच निघाली नाही. रंभा जूनमध्ये चाळीसची परीक्षा पास झाली, पुढे ठाण्यात एका वकिलाच्या ऑफिसात लागली. लग्न झालं तरी बेंजो सुटला नाही. आणि जिथे जिथे ती पार्टी स्पर्धेला उतरली, मुंब्रा, कळवा, टिटवाळा, तिथे तिथे रमाबाई गेल्या. पहिला नंबर एकदाही आला नाही, याचं त्यांना हळूहळू काहीच वाटेनासं झालं.

दुसऱ्या वर्षी कल्याणच्या स्पर्धेला त्यांनी बाबुरावांना ओढूनच नेलं. ते भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले आणि प्रत्येक पार्टीला शेंगा सोलत दाद देत राहिले. मग निळ्या साडीतली रंभा स्टँडपाशी आली. तिने डोळे मिटले आणि डावा हात बटणांवर ठेवला.

थोड्या वेळाने बाईंनी बाजूला पाहिलं. बाबुरावांच्या हातात अर्धवट सोललेली शेंग तशीच होती, आणि तोंड किंचित उघडं.

"कळलं का?" बाईंनी हळूच विचारलं.

"शू," बाबुराव म्हणाले. "ऐकू दे."