उघडं कार्ड

पुतण्याचं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून सुंदराबाईला महिना होऊन गेला, पण उत्तर काही तिच्या हातून लिहून होईना.

‘काकी, झालं गेलं सोडा,’ संपतनं लिहिलं होतं. ‘पोरगी उभ्या उभ्या पडती, तोंडाला फेस येतो. देवऋषी म्हणतो तुमचीच करणी हाय. तुम्ही कबूल होऊन काढल्याबिगर उतार न्हाय.’

म्हणे झालं गेलं! अठरा वर्षांपूर्वी नवरा गेला, पाठोपाठ दिराची म्हैस मेली, आणि लोणी काळभोरच्या पुढच्या त्या गावानं तिला चेटकीण ठरवलं. केस कापले, ‘हो म्हण’ म्हणत देवळापुढे उन्हात बसवलं. ती हो म्हणाली नाही. वेशीबाहेर निघाली ती पुण्यात वारज्याला येऊन लोकांच्या पोळ्या लाटू लागली.

“करणी येत असती तर आधी हा गुडघा नसता का बरा केला?” शर्मिलाताईंच्या स्वयंपाकघरात कणकेवर राग काढत ती म्हणाली. “म्हशीवर कशाला वाया घालवू?”

शर्मिलाताई डॉक्टर होत्या. पत्रातलं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो मावशी, हे फेफरं दिसतंय. तपासून रोज गोळी सुरू केली तर मुलगी शाळेत जाईल. आणा म्हणावं इकडे.”

“परवा बूथवरून फोन लावून संपतला डॉक्टरला दाखव म्हटलं की. म्हणतो, डॉक्टरचं काम न्हाय हे.”

तेवढ्यात त्यांचे यजमान अभय कॉम्प्युटरवरून उठून आले. रात्रभर अमेरिकेशी बोलून त्यांचे डोळे लाल झाले होते. “मावशी, नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधाल का जरा?”

“माझ्या हातनं? आधी गावात चौकशी करा, दादा.”

“धन्य आहे!” शर्मिलाताई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. ते गुपचूप आत गेले.

सुंदराबाईनं हात धुतले. पोरगी तिनं पाहिलीही नव्हती. पण चुलीपाशी पडली तर? विहिरीच्या काठावर पडली तर? पिशवीतून पोस्टकार्ड काढून ती ओट्यावरच लिहू लागली.

‘चि. संपतला आशीर्वाद. करणी मीच केली. आता काढते. पोरीला घेऊन ये. डॉक्टरताई देतील त्या गोळ्या मी मंतरून देईन. एक दिवस जरी गोळी चुकली तर करणी पुन्हा लागेल. तुझी काकी.’

शर्मिलाताईंनी खांद्यावरून वाचलं. “मावशी, न केलेलं कबूल करताय?”

“खरं सांगून बघितलं होतं, ताई. केस गेले.”

“मग निदान पाकिटात तरी घाला! पोस्टमनपासून सगळा गाव वाचेल.”

“वाचू द्या. गावानं वाचलं तरच देवऋषी गप बसंल.”

नाक्यावरच्या पेटीपाशी ती थोडी थांबली. मग कार्ड आत सोडलं. वाऱ्यानं अंबाडा सुटला होता. पिकलेले लांब केस तिनं पुन्हा घट्ट बांधले आणि पुढच्या घरच्या पोळ्यांना निघाली.