शांतारामकाकांची अर्धवट गाडी

हर्षवर्धन पेडणेकरला जगातला कोणताही खेळ येत नव्हता, आणि त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं की त्याला सरकारी नोकरी लागेल ती खेळाडूंच्या कोट्यातूनच. यात काही अडचण आहे असं एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही वाटलं नाही. कोट्याला प्रमाणपत्र लागतं. खेळ लागतो असं कुठे म्हटलंय?

शांतारामकाका स्वतः सरकारी भांडारात आयुष्य काढून निवृत्त झालेले. आत आलेली वस्तू पूर्ण आहे की नाही हे बघून सही करायची, एवढंच काम. त्यामुळे त्यांचा हिशेब सरळ होता. क्रिकेट नको, तिथे गर्दी. कबड्डी नको, हर्षाचे गुडघे आईवर गेलेत. असा खेळ हवा जो कोणीच खेळत नाही.

"ज्या परीक्षेला एकच मुलगा बसतो ना प्रितेश, त्यात तो पहिला येतो," ते मला म्हणाले.

"आणि शेवटचा पण," आतून मीराकाकू म्हणाल्या.

हर्षाची घाई मात्र खरी होती. पुढच्या मार्चमध्ये त्याची सरकारी वयोमर्यादा संपत होती. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस त्याला "मग सध्या काय?" असं विचारायचा, म्हणून तो पाचव्या मजल्यावरून जिन्याने ये-जा करायचा. त्याला नोकरी कसली का असेना, चालणार होती. फक्त लिफ्टने खाली यायचं होतं.

अशा वेळी मीराकाकूंचे भाऊ, चंद्रहासमामा, अमेरिकेहून आले. त्यांच्या बायकोने गॅरेज साफ करायला काढलं होतं आणि त्यातून जे निघालं ते त्यांनी भेट म्हणून आणलं होतं. पंधरा-वीस प्लास्टिकच्या तबकड्या आणि दोन चाकांची एक घडीची गाडी. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. लांबवर एका खांबाला साखळ्यांची टोपली लावलेली असते, आपण तबकडी फेकत फेकत तिच्यापर्यंत जायचं आणि शेवटी तबकडी टोपलीत टाकायची. तबकड्या बऱ्याच प्रकारच्या असतात म्हणून गाडी. दमलात तर तिच्यावरच बसायचं.

"तिकडे लोक दिवसभर खेळतात, भावोजी."

"आणि इकडे?"

"इकडे कोण खेळणार हे?"

काकांनी मामांचा हात हातात घेतला. लग्नातसुद्धा घेतला नव्हता, असं काकू म्हणतात.

चौकशी केली तर कळलं की आख्ख्या ठाणे जिल्ह्यात हा खेळ कोणी खेळत नाही, पण जिल्हा संघटना आहे. तिला महासचिव आहेत, खजिनदार आहेत, दोघांचं भांडण आहे आणि त्या भांडणातून निघालेली दुसरी जिल्हा संघटनाही आहे. काकांनी जुनी संघटना निवडली. जुन्या वस्तूंवर त्यांचा विश्वास. दिवाळीनंतर महासचिव स्वतः निवड चाचणीला येणार, पुरुषांतून एक आणि महिलांतून एक निवडणार, असं ठरलं. पुरुषांत एकच नाव होतं, त्यामुळे काका निश्चिंत झाले.

टोपलीसाठी घरचा झोपाळा काढला गेला. त्याच्या कड्या गच्चीवरच्या जुन्या ॲन्टेनाच्या पाइपला लावल्या. काकू तेव्हापासून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून झोका घेतल्यासारख्या पुढे-मागे व्हायच्या, आणि काका दिसले की जरा जास्तच व्हायच्या.

सरावाला जागा नव्हती. बिल्डिंगच्या आवारात हर्षाने पहिलीच तबकडी फेकली, ती दुसऱ्या मजल्यावर शिरली आणि कुणाच्या तरी वरणात पडली. मग ज्युलियस आठवला. ज्युलियस जवळच्या वटार गावचा, सकाळी टेम्पोतून केळी घेऊन पूर्वेच्या बाजारात यायचा आणि रिकामा परत जायचा. रविवारी तो आम्हाला, गाडीला आणि खांबाला टेम्पोत घालून त्याच्या बहिणीच्या, आग्नेसबाईंच्या वाडीत घेऊन गेला.

वाडी म्हणजे केळी, नारळ आणि मधून पाण्याचे पाट. हर्षाने पवित्रा घेतला, डोळे मिटले आणि फेकली. तबकडी डावीकडे वळली. हर्षाची प्रत्येक तबकडी डावीकडेच वळायची. ती केळीची दोन पानं फाडून थेट घराच्या ओटीवर गेली, जिथे आग्नेसबाईंची मुलगी रोझलिन शेवग्याच्या शेंगा बांधत बसली होती. तिने तबकडी उचलली, आम्हा तिघांकडे नीट पाहून घेतलं आणि परत भिरकावली. ती हर्षाच्या कानाजवळून गेली आणि खण्णकन साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली.

"अगं, जरा बाजूला गेली असती तर ह्याला लागली असती!" ज्युलियस ओरडला.

"नेम बाजूलाच होता," हर्षा मला हळूच म्हणाला. "माझ्यावर."

काकांनी यातलं काही पाहिलं नाही. ते पाटाजवळ उकिडवे बसले होते. गाडीचं एक चाक चिखलात रुतलं होतं.

"हर्षा," ते गंभीरपणे म्हणाले, "आपला प्रॉब्लेम कळला."

त्या दिवसापासून सराव सुरू झाला तो गाडीचा.

अमेरिकेची चाकं वटारच्या चिखलात चालत नाहीत, म्हणून काकांनी भंगारातून लुनाची चाकं आणून बसवली. गाडी चांगली चालली, पण उंच झाली. बसलं की पाय लोंबायचे. म्हणून पायरी. पायरीमुळे ती पुढे कलंडायची, म्हणून मागे वजन. वजन नुसतं कशाला, म्हणून पाण्याचा कॅन. पाणी उन्हात तापतं, म्हणून छत्री, कुल्फीवाल्याकडे असते तसली. छत्री वाऱ्याने उडू नये म्हणून चार बाजूंनी तारा. तारांवर हर्षाचा टॉवेल वाळायचा. वाटेत कोंबड्या येतात, म्हणून हॉर्न. मागून कोंबड्या येतात, म्हणून आरसा.

"अहो, कोंबड्या ओव्हरटेक करतात का?" आग्नेसबाईंनी विचारलं.

"खबरदारी असते एक," काका म्हणाले.

पुढे गणपतीचा छोटा फोटो लागला. ज्युलियसने स्वतःहून त्याशेजारी एक क्रूस अडकवला, म्हणाला, "राहू दे, आमच्या बाजूला चालवताय तर." थर्मासचा कप्पा झाला, डब्याचा झाला, आयोडीन आणि कापसाचा झाला. कापूस लागायचाच. हर्षाची तबकडी ओटीवर जायची, रोझलिन ती परत फेकायची, आणि ती प्रत्येक वेळी टोपलीतच पडायची असं नाही.

गणपती संपले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गाडीत तबकड्यांना जागा राहिली नव्हती.

"त्या तू धर," काकांनी मला सांगितलं. मग क्रम असा झाला. पुढे काका गाडी ढकलत, हॉर्न वाजवत. मागे मी, कापडाच्या दुकानातल्या पिशवीत तबकड्या घेऊन. माझ्या मागे खेळाडू. छत्रीखाली थर्मास प्रवास करायचा.

"बाबा, एकदा बघा तरी मी कसा फेकतो," हर्षा म्हणायचा. पोरगा मेहनत घेत होता. गच्चीवर पहाटे मनगट फिरवायचा. डावीकडे वळणारी तबकडी आता जरा उशिरा वळू लागली होती.

"बघतो, बघतो. आधी ही ढिली का वाटते ते बघू."

काकू एकदा थेट बोलल्या. "नोकरी गाडीला लावायची आहे की ह्याला?"

"अगं, गाडी नीट असली की माणूस आपोआप नीट खेळतो."

"मग तुमची खुर्ची नीट होती ना तीस वर्षं?"

यावर काकांनी गाडीला तेल घातलं.

चाचणीच्या सकाळी आम्ही सगळे वाडीत होतो. काकूही आल्या होत्या, झोपाळ्याच्या कड्या बघायला. काका गाडीखाली आडवे. उतारावर ती थांबत नाही हे त्यांच्या आदल्या दिवशी लक्षात आलं होतं आणि ते ब्रेक बसवत होते. हर्षा पांढऱ्या कपड्यांत शेजारी उभा राहून मागतील ती हत्यारं देत होता.

महासचिव सुमोतून उतरले. गळ्यात शिट्टी, बोटांत अंगठ्या. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, तबकडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की दोन्ही ते पहिल्यांदाच बघत आहेत.

"करा सुरू," ते म्हणाले आणि आयुष्यातल्या सगळ्या खेळांना जी वाजवतात ती शिट्टी वाजवली.

हर्षाने फेकली. ती सरळ गेली, अजून सरळ गेली, आणि मग ती डावीकडे वळली. ओटीवरून रोझलिनने ती सवयीने परत फेकली. खण्णकन टोपलीत.

"ही मुलगी कोण?" महासचिव.

"माझी," आग्नेसबाई म्हणाल्या. "चुकलं का काही?"

"महिला गटात निवड."

"मला नको," रोझलिन म्हणाली. "मी शेंगा बांधतेय."

"निवड झाली म्हणजे झाली. संघटनेला काही देणगी देणार का?"

आग्नेसबाईंनी कोपऱ्यातला केळीचा घड दाखवला. ड्रायव्हरने तो सुमोत ठेवला. रोझलिनला हवं नसलेलं प्रमाणपत्र तिथल्या तिथे मिळालं. तिने त्याने शेंगांवरच्या माश्या वारल्या.

"आता पुरुष गट," महासचिव म्हणाले. "हा एकच ना? मग झालाच." हर्षाने डोळे मिटले. मला वाटतं त्याला लिफ्ट दिसली असावी. "देणगीचं काय?"

"घड देते अजून एक," आग्नेसबाई म्हणाल्या. "पोरगा चांगला आहे. पानं फाडली, पण चांगला आहे."

पण महासचिव गाडीकडे चालत गेले होते. त्यांनी हॉर्न वाजवला. आरशात भांग पाहिला. पायरीवरून चढून ते छत्रीखाली बसले, आणि माणूस बसल्यावर बराच वेळ उठला नाही की काय ते ओळखायचं.

"ही द्या," ते म्हणाले. "संघटनेला. म्हणजे मला. आम्हाला मैदानावर बसायला काही नसतं हो."

हर्षाने हसून वडिलांकडे पाहिलं. काकूंनी पदर सावरला, जणू आता पेढेच वाटायचे. सोपा व्यवहार होता. अमेरिकेच्या गॅरेजमधून निघालेली गाडी द्यायची आणि मुलाचं आयुष्य घ्यायचं.

काका गाडीखालून बाहेर आले. हात पुसले. खूप वेळ पुसले.

"नाही देता येणार," ते म्हणाले.

"काय?" काकू.

"ब्रेक राहिलाय अजून. अर्धवट वस्तू मी कधी कोणाला दिली नाही. आणि ब्रेक बसला की मागचा दिवा आहे. दिव्याला डायनामो लागेल."

"पण बाबा, मार्च!"

काकांनी मनात काही मोजलं. "आहे की अजून वेळ," ते म्हणाले.

वाडीतल्या कोंबड्याही थांबल्या. काकू पुढे-मागे होऊ लागल्या, खुर्चीशिवाय, उभ्या उभ्याच.

हर्षा गाडीजवळ गेला. मला वाटलं आता ती ढकलून पाटात घालणार. त्याने गाडीच्या दांड्यावर हात ठेवला, गणपती आणि क्रूस या दोघांकडे एकदा बघितलं आणि महासचिवांना म्हणाला, "साहेब, गाडी नाही तर मला घ्या."

"तुला कसा घेणार?"

"देणगी म्हणून. मीसुद्धा अर्धवटच आहे, पण मला द्यायला बाबांची हरकत नसेल."

महासचिवांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं मघाशी गाडीला पाहिलं होतं. "हिशेब लिहितोस? फोन उचलतोस? खजिनदाराचा आला तर 'साहेब नाहीत' म्हणतोस?"

"हो."

"पद सहसचिवाचं आहे. मानद. म्हणजे पगार नाही."

"बाबा?" हर्षाने विचारलं. एवढाच एक शब्द, पण आम्ही सगळे काकांकडे वळलो. आग्नेसबाई, रोझलिन, ज्युलियस, ड्रायव्हर. शेंगासुद्धा बांधायच्या थांबल्या. काकांनी एकदा 'थांब' म्हणायचं होतं, बास.

काकांनी हर्षाकडे पाहिलं. मग छत्रीखाली बसलेल्या महासचिवांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठी सुटका झाल्यासारखं काहीतरी उमटलं.

"घेऊन जा," ते महासचिवांना म्हणाले. "तेवढं खाली उतरता का? सीटवर ताण येतोय."

हर्षा पुढच्या सीटवर बसला, मांडीवर केळीचा घड घेऊन. काकू खिडकीशी गेल्या आणि त्याला नुसतं "जेव वेळेवर" म्हणाल्या. सुमो सुरू झाली. ती पाटावरच्या फळीवरून खडखडत वळली आणि तेवढ्यात काका धावत सुटले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना धावताना पाहत होतो.

"हर्षा! हर्षा रे, थांब!"

सुमो थांबली. हर्षाने खिडकीतून मान बाहेर काढली. इतकी बाहेर, की मला वाटलं तो पडेल.

"तो पाना!" काका धापा टाकत म्हणाले. "बारा नंबरचा. तुझ्या खिशात राहिलाय."

हर्षाने खिसा चाचपला. पाना काढला, हातात थोडा वेळ तोलला आणि फेकला. काकांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातातली तबकड्यांची पिशवी काढून बाजूला ठेवली.

"प्रितेश," ते म्हणाले, "पकड इकडून."

सुमो वळणापलीकडे गेली. मी पकडलं.