घरचाच सर्जन

माझा भाऊ लघवीच्या विकारांचा सर्जन आहे, हे आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावंच लागायचं. बाबा शिंपी. पँटचं माप घ्यायला वाकले की त्यांचं सुरू. "दुर्बिणीतून खडे काढतो. प्रोस्टेट लेझरने करतो. किडनी बदलतो. मूत्राशय खराब झालं की ते काढून आतड्याचं नवं शिवतो. शिवतो बरं का." या शेवटच्या वाक्याला त्यांची छाती फुगायची. दादा इतकी वर्षं शिकला, परदेशात जाऊन आला, ते सगळं गेलं कुठल्या कुठे. हात शिंप्याचा म्हणून जमतं, असा बाबांचा दावा. गिऱ्हाईक बिचारं मुकाट ऐकायचं. कमरेभोवती टेप असताना पळणार कुठे?

असा हा माणूस. आणि स्वतःच्या लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा घरात चकार शब्द काढला नाही. पांढरे पायजमे कपाटात ठेवून दिले आणि स्वतःसाठी गडद तपकिरी शिवले. मी म्हटलं, "काय बाबा, या वयात फॅशन?"

"चहाचे डाग दिसत नाहीत," ते म्हणाले आणि मशीन चालवू लागले.

एके दिवशी लघवी पार अडली. रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. दादाच्याच हॉस्पिटलात नेलं. नळी घालायची वेळ आली तशी बाबांनी पायजम्याची नाडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "याला बाहेर काढा," म्हणाले. ज्याच्या तारखेसाठी लोक ताटकळतात तो डॉक्टर पडद्याबाहेर माझ्याशेजारी उभा राहिला, आणि आत त्याच्या ज्युनिअरने नळी घातली.

नंतर दादाने विचारलं, "कधीपासून जातंय?"

"झाले की बरेच महिने."

"आणि बोलला नाहीत?"

"दुखत नव्हतं रे. तूच मामाला फोनवर सांगत होतास ना, खडा असला की माणूस गडाबडा लोळतो. मी काही लोळलो नाही. म्हटलं, खडा नाही, मग घाबरायचं कशाला? आणि तुझ्यासमोर..." त्यांनी मान फिरवली. "लहानपणी तुला मी धुतलंय. आता तुझ्यासमोर कपडे काढू?"

माझं डोकं फिरलं. उभ्या गावाच्या कमरा मोजल्या, आणि लाज आडवी आली ती पोटच्या पोरापुढे!

स्कॅन झाला. दादाने मला जिन्यात गाठलं. मूत्राशयाचा कॅन्सर होता, आणि तो हाडांत, यकृतात जाऊन बसला होता.

"न दुखता रक्त जातं तेच वाईट असतं," तो म्हणाला. "मामाला खड्याचं सांगितलं, हे सांगायचं राहिलं."

"पण तू काढतोस ना मूत्राशय? तुझं कामच ते."

"आजार तेवढ्यातच असला तर काढतो. आता काढलं तर आहेत ते दिवसही जातील." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "माझ्या सरांना दाखवला स्कॅन. दिसेल त्याला दाखवला. कुणीतरी मला मूर्ख म्हणावं म्हणून."

कुणीही म्हटलं नव्हतं. त्याच्या हातात इतकी विद्या, आणि आमच्या घराला त्यातली चिमूटभर उपयोगाची नाही. मला रडू आलं, रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

खोलीत गेलो तर बाबा उठून बसलेले. ते नर्सला सांगत होते, "ऑपरेशन माझा मुलगाच करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." नर्सने आमचे चेहरे पाहिले आणि ती बाहेर गेली. दादा पलंगावर टेकला.

"बाबा, ऑपरेशन नको. औषधं देऊ. त्रास होऊ देणार नाही मी."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुला अवघड वाटतंय का रे? बापाला असं उघडं बघायचं? वाटणारच. मलाही वाटायचं. पण मी सोडली आता लाज, तूही सोड."

"तसं नाही, बाबा."

"मला कळतं सगळं." त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली, अंगातला हॉस्पिटलचा गाउन वर ओढला आणि डोळे गच्च मिटून घेतले. "हे बघ, मी बघत नाही. तू कर."

दादाने त्यांच्या पोटावर हात ठेवला. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो कितीतरी वेळ तपासत राहिला.