दहाव्याची बिस्किटं

कायगावच्या घाटावर आप्पासाहेबांचा दहावा होता आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता.

पिंड मांडला होता. शेजारी पत्रावळीवर, गेलेल्याच्या आवडीचं म्हणून, साळूबाईंनी आणलेली ओटची बिस्किटं होती. बिनसाखरेची. शहरातल्या पुंडलिकनगरातून निघताना पुडा त्यांनी स्वतःच्या हातानं पिशवीत घातला होता. नवऱ्याच्या शेवटच्या पानात दुसऱ्या कुणी लुडबुड केलेली त्यांना खपली नसती.

कावळ्यांची काही वाण नव्हती. समोरच्या लिंबावर त्यांची पंचायतच भरली होती. एखादा खाली उतरे, पत्रावळीकडं तिरकं बघे आणि परत फांदीवर जाऊन बसे. मुलगा बद्रीनाथ ओलेत्यानं हात जोडून उभा होता. "आप्पा, आईला अंतर देणार नाय. गंगापूरचं वावर विकणार नाय." सगळं कबूल करून झालं. कावळे ढिम्म.

आप्पासाहेबांचा जन्म उसात गेला, आणि उतारवयात रक्तात साखर निघाली. मुलाच्या नोकरीपायी दोघं शहरात राहायला आली, तेव्हापासून साळूबाईंनी त्या साखरेशी उभा दावा मांडला. पुड्यावर पुढं ठळक अक्षरात 'शुगर फ्री' लिहिलं, तरी मागं बारीक अक्षरात मैदा निघतो, नाहीतर गूळ निघतो, हे दवाखान्यातल्या बाईंनी एकदा सांगितलं ते त्यांनी पदराला गाठ मारून ठेवलं. स्वतः जेमतेम चौथी शिकलेल्या. पण दुकानदाराकडून पुड्याची मागची बाजू शब्दन् शब्द वाचून घेतल्याशिवाय पिशवी उघडत नसत. "मावशी, तुम्ही आलात की माझी परीक्षाच असते," तो बिचारा म्हणायचा.

एवढ्या पारखीनं आणलेलं बिस्कीट आप्पासाहेब चहात बुडवून निमूट खात. कसं हाय विचारलं तर "झकास" म्हणत. साळूबाईंना ते खरं वाटे. डॉक्टरांनी साखर काबूत असल्याचं सांगितलं की त्या गल्लीभर मिरवत.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू. दर्भाचा कावळा लावायचा म्हणजे माणूस अतृप्त गेला, असं साळूबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. ज्याच्या एकेका घासाची त्यांनी राखण केली, तो उपाशी कसा जाईल?

तेव्हा धाकटा दीर पुंजाराम पुढं आला. मघापासून त्याची चुळबुळ चालली होती.

"वहिनी, रागावू नका. बालूशाही ठिवून बघू का?"

"त्यांनी गोड कवाच सोडलं, भाऊजी."

"सोडलं नव्हतं. तुम्ही सोडवलं होतं." पुंजारामनं मान खाली घातली. "गावाकडं आला की दादा माझ्यासंगं बाजाराला यायचा. हॉटेलासमोर लई येळ उभा राहायचा. घ्यायचा नाय. म्हणायचा, चल बाबा, तुझ्या वहिनीला शब्द दिलाय."

साळूबाईंनी मान हलवली. हो म्हणायला की नको म्हणायला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पुंजाराम फाट्यावर जाऊन बालूशाही घेऊन आला, बिस्किटांशेजारी ठेवली आणि सगळे मागं सरले.

कावळा लगेच उतरला. बिस्किटांवर पाय देऊन पलीकडं गेला, बालूशाहीचा तुकडा चोचीत धरला आणि उडाला. मागोमाग बाकीचे पिंडावर तुटून पडले.

घाटावर सगळ्यांनी हुश्श केलं. बद्रीनाथ डोळे पुसत हसला. "सुटला बिचारा, सुखानं गेला," कुणीतरी म्हणालं. माणसं आंघोळीला नदीत उतरू लागली.

साळूबाई जागच्या हलल्या नाहीत. सगळ्यांचा जीव ज्यानं भांड्यात पडला, त्यानंच त्यांचं काळीज चिरलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्या शेजारी बसून खात होता आणि भुकेलाच होता. आपण पुडे पारखत बसलो, माणूस पारखायचा राहिला.

सून हाताला धरायला आली, तसा त्यांनी हात सोडवून घेतला आणि नदीकडं तोंड करून, घरात बोलत तशाच, हळू बोलल्या.

"एवढा जीव अडकला होता, तर भांडून खायची होती की हो. मी काय, चार दिस रुसले असते."