भेगेतला अंगारा

धक्क्यावर अख्खी वस्ती लोटली होती. जागा न मिळालेले लोक गोदामाच्या पायऱ्यांवर चढून माना उंचावत होते. होडीच्या तळाला भेग पडली होती, आत पाणी उसळत होतं, आणि तारकबाबा होडीशेजारी कमरेभर पाण्यात उभे राहून डोळे मिटून हसत होते.

"पाणी भेगेतून येत नसतं, बाळांनो," ते म्हणाले. "पाणी येतं मनातल्या शंकेतून!"

मग नावाडी रोज डब्याने काय शंका उपसत होता? पण हे कुणी विचारलं नाही. मी पडलो पलीकडच्या तीरावरचा शाळामास्तर. माझी बावीस पोरं रोज सकाळी याच होडीतून येतात, म्हणून मी तिथे होतो. चार महिन्यांतली ही तिसरी भेग, आणि बाबांची ही तिसरी फेरी.

बाबांनी झोळीतून मूठभर काळपट अंगारा काढला, काहीतरी पुटपुटत हात पाण्याखाली घातला आणि होडीच्या तळाशी मूठ सोडली. धार बारीक झाली. मग नुसते थेंब. मग तेही थांबले. लोकांनी जयजयकार केला. एका बाईने बाबांच्या पायाजवळचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन टाकलं. तिथे गोदामाचं गटार सुटतं. मला शिसारी आली, आणि बाबांनी तर तिला वर आशीर्वाद दिला.

"पथ्य एकच," बाबांनी बजावलं. "होडी काठावर ओढायची नाही, वाळवायची नाही, रंग लावायचा नाही. कोरडी पडली की कृपा उडाली!"

नावाडी हात जोडून मान डोलावत होता. हाच माणूस दरवर्षी होडी काठावर पालथी घालून वाळवायचा, प्लायवूडच्या कापलेल्या कडा घासून त्यांना राळ पाजायचा आणि वर रंगाचे तीन हात द्यायचा. पाणी आधी कडेतून शिरतं, हे त्यानेच मला शिकवलं होतं. यंदा बाबांच्या नादी लागून त्याने सगळं गुंडाळून ठेवलं होतं.

गर्दीतून त्याची धाकटी बहीण पुढे आली. ती प्लायवूडच्या कारखान्यात करवतीवर काम करते. पाळी संपवून तशीच आली होती, केसांत भुसा घेऊन. होडीच्या काठावर सांडलेला अंगारा तिने चिमटीत धरला, हुंगला, दाताखाली घातला आणि थुंकली.

"दादा, हा भुसा आहे."

"गप्प बस! अंगारा आहे तो."

"करपवलेला भुसा. दिवसभर नाकात जातो माझ्या, मला नको सांगूस."

"मुली, तुझ्या मनात शंका आहे," बाबा गोड आवाजात म्हणाले.

"आहे ना! भरपूर आहे."

ती होडीत उतरली आणि खिशातल्या पात्याने तिने भेग खरवडली. पाणी पुन्हा उसळलं. लोक ओरडले. तिने कामाच्या डगल्याच्या खिशांतला भुसा झटकून मुठीत घेतला, काठावरून बाहेर वाकून होडीखाली हात घातला आणि मोठ्याने सत्तावीसचा पाढा सुरू केला. "सत्तावीस सात्ते एकशे एकोणनव्वद" म्हणेपर्यंत धार थांबली.

"पाणी आत धावतं तेव्हा भुसा ओढून नेतं," ती म्हणाली. "भुसा भेगेत अडकतो, फुगतो, बूच बसतं. वाळला की आकसून गळून पडतो. म्हणून यांचं ते पथ्य! आणि कायम ओल्या राहिलेल्या प्लायवूडचं काय होतं, ते तुला मी सांगायला हवं का, दादा?"

नावाडी होडीत उतरला. त्याने पुढच्या बाकाखालच्या तळावर अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा नखात ओल्या लाकडाचा लगदा होता.

"इथे माझी चिमी बसते," तो म्हणाला. चिमी त्याची मुलगी, माझ्या बावीस पोरांतली एक.

"तुमची श्रद्धाच कमी पडली," असं म्हणत बाबांनी झोळी सावरली आणि गोदामामागून काढता पाय घेतला. किळस याची वाटते की चार-पाचजण तरीही त्यांच्यामागे पुडी मागत धावले.

दुसऱ्या सकाळी होडी काठावर पालथी होती. आईबाप नावाड्याशी भांडायला आले. पुलावरून पोरांना दीड तास चालावं लागणार होतं.

"महिनाभर चालू देत," नावाडी म्हणाला. "सडलेलं कापून नवा तळ बसवल्याशिवाय मी होडी पाण्यात घालणार नाही."

"काल तर गळत नव्हती!" एक बाप गरजला.

"अंगठा लाव इथे. मग बोल."

त्याने लावला. मग त्याच्या बायकोने. एकेक करून सगळ्यांनी लावला, आणि आवाज खाली आले.

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो हात लावून बघा. तपासू नका असं जो सांगतो, त्याला तर आधी तपासा. त्या होडीत माझी बावीस पोरं बसत होती, आणि चार महिने मीही काठावर उभा राहून नुसती नाकं मुरडत होतो. अंगठा मीसुद्धा लावला नव्हता.