रुख्मिणीच्या अंगठ्याचे पान

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. पण विटांची नव्हे आणि भडभुंज्याचीही नव्हे. शिवणयंत्राच्या झाकणाएवढे माझे अंग, आत पांढऱ्या विटा आणि त्यांच्या खाचांत तारेची वेटोळी. मी विजेवर चालते. नवखी माणसे मला पाव भाजायचे यंत्र समजतात. मी राग मानत नाही.

दीपमाला मलकापूरच्या शिबिरात तांब्याचे दागिने शिकली आणि मला एसटीतून डोणगावला घेऊन आली. वाटेतल्या खड्ड्यांनी माझी आकडे दाखवणारी काच फुटली. आत धग किती झाली हे मला कळे, बाहेर कोणाला दिसेना. "तीन तास ठेवा," असे शिबिरात सांगितले होते. दीपमाला त्या भरवशावर चालली.

तांब्याची भुकटी चिकट लुकण घालून मळली की कणकेसारखा गोळा होतो; त्यालाच माती म्हणायचे. दीपमाला तो लाटायची, त्यावर पिंपळाचे पान दाबायची, शिरा उमटल्या की कडा कापून वाळवायची. मग ती पाने करवंटीच्या कोळशात पुरून, स्टीलच्या डब्यात घालून माझ्या पोटात. आत लुकण जळते, कणाला कण चिकटतो आणि मातीचे अस्सल तांबे होते. त्या पावसाळ्यात एकही पान कच्चे निघाले नाही. दीपमाला प्रत्येक पान फरशीवर टाकून त्याचा खणखणीत आवाज ऐके आणि लहान मुलीसारखी हसे. लोणारला सरोवर पाहायला येणारे लोक ती पाने गळ्यात घालून जात. मला फार अभिमान वाटे. खोटे कशाला बोलू?

तिची आई रुख्मिणी तिच्याकडेच राहायची. जन्मभर कापूस वेचून आणि निंदण करून म्हातारीच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. राशन दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा पटत नसे. दर खेपेला लोकांसमोर अंगठा पुसायचा, पुन्हा ठेवायचा आणि तोंड पाडून घरी यायचे.

दिवाळीनंतर एकदा दीपमाला ओले पान पुढे करून म्हणाली, "माय, इथं अंगठा दाब."

"कायले व? त्या मशीनले दिसत नाही माहा अंगठा. तुह्या मातीले काय दिसन?"

"दाबून तं पाय."

म्हातारीने दाबला. मातीत बारीक, तुटक रेषा उमटल्या. रुख्मिणी ते पान डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली. "उमटला व, दीपे!" ती म्हणाली. "म्हंजे हावो मी."

पान वाळत होते तेव्हाच म्हातारीला ताप भरला. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या आणि ते डब्यात कापसावर पडून राहिले. रुख्मिणी घरी परत आली नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात ते पान गळ्यात घालायचे असे दीपमालाने ठरवले. आदल्या दिवशी दुपारी तिने मला पेटवले. तेव्हा शिवारात हरभऱ्याला पाणी देणे चालू होते. पंपांची लाइन आली, गावातल्या साऱ्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि विजेचा दाब उतरून माझ्या तारांतला जीवच गेला. पावसाळ्यात मोटारी बंद असतात, म्हणून तोवर हे कधी घडले नव्हते. मी नुसती लाल झाले, केशरी होईना. अजून थांब, अजून थांब, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण भट्टीला कुठे तोंड असते? तीन तास झाले आणि तिने बटण बंद केले.

पान वरून सुरेख दिसत होते. तिने तारेच्या ब्रशने ते घासले, तसे ते चमकले. मग सवयीने फरशीवर टाकले. खणखणीत आवाज झालाच नाही. पान नेमके अंगठ्यावरून तडकले आणि कडांचा भुगा झाला. ती उचलायला गेली तर रेषा बोटांना लागून निघून आल्या.

तेवढ्यात तिचा नवरा प्रेमानंद चिखलाच्या पायांनी शेतातून आला. दीपमाला फरशीवर बसूनच होती. वर पिवळट, मिणमिणता बल्ब होता. तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मोटर चालू व्हती का?" तिने विचारले.

"हो. काऊन?"

तिने तुकड्यांची ओंजळ पुढे केली. तो तिच्याजवळ फरशीवर बसला. म्हणाला, "पुन्ना करून पाय ना. मी मोटर बंद ठेवतो."

"करीन ना," दीपमाला म्हणाली. "अंगठा कुठून आणू?"

मित्रांनो, तिने ते तुकडे आणि तो भुगा माझ्याच पोटात ठेवला आणि दार लावून घेतले. माझ्यावर आता सोयाबीनची पोती आहेत. मला कोणी पेटवत नाही, आणि पेटवावे असे मलाही वाटत नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारे माणूस असेल आणि त्याचा ठसा घ्यायचा मनात आले, तर एका पानावर थांबू नका. हात जवळ आहे तोवर दुसराही ठसा घ्या. दीपमालाजवळ तेव्हा माती उरली होती. ती अजूनही फडताळात आहे, वाळून दगड झालेली.