लाभ, दोन, तीन

सबीनाने शब्द दिला तेव्हा ती पंच्याऐंशीवर होती, आणि पंच्याऐंशीवरच्या माणसाला शंभर म्हणजे शेजारची गल्ली वाटते. आत्ता गेलो आणि आत्ता आलो.

खेळाचं नाव सप्तकोट. मोबाइलवर खेळायचा, सात कोट चढायचे, वाटेत वेताळ मारायचे. जितके वेताळ तितके गुण, आणि गुणांची पट्टी भरली की एक लेव्हल वर. अशा लेव्हल शंभर. सबीना साताऱ्याच्या शनिवार पेठेत अब्बांच्या गादी कारखान्यात बसून रजयांच्या खोळी शिवायची, आणि दोन खोळींच्या मधे वेताळ मारायची. सात महिन्यांत ती अशी भराभर चढली की तिला वाटलं, पुढच्या महिन्यात शंभर.

त्याच सुमाराला तारिकने विचारलं. तारिक कुपवाडला लेथवर काम करायचा आणि खेळात तिच्यापुढे ढाल धरून उभा राहायचा. चौथ्या कोटाच्या खंदकाशी दोघं नावेची वाट बघत उभे होते, तेव्हा तो हेडफोनमधून म्हणाला, "माझी फुफी कराडला असते. तिला तुमच्या घरी पाठवू का?" फुफी म्हणजे आत्या, आणि आत्या पाठवायची म्हणजे मागणी घालायची.

सबीनाला त्याचा चेहरा ठाऊक होता. तो दोनदा साताऱ्याला येऊन गादी घेऊन गेला होता, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा अब्बा, म्हणजे चांदसाहेब, कौतुकाने म्हणाले होते, "काय भला माणूस. एका खोलीत एकटा राहतो आणि तीन गाद्या घेतो."

तेव्हा उत्तर तर तिच्या जिभेवर तयार होतं. पण तिची एक खोड होती. हातातली खोळ पुरी झाल्याशिवाय दुसरीला दोरा लावायचा नाही. ती म्हणाली, "फुफीला पाठव. पण उत्तर मी शंभर झाल्यावर देणार."

"कबूल," तारिक म्हणाला. त्या नाइलाजाच्या एका शब्दावर पुढचे पाच महिने गेले.

कारण नव्याण्णवला पोचल्यावर सबीनाला कळलं, की हा खेळ ज्याने बांधला त्याने आयुष्यात कधी खोळ शिवली नव्हती. खोळीचं कसं असतं, उभा टाका लांब, आडवा टाका त्याहून कमी, आणि शेवटची कड तर बोलता बोलता संपते. इथं सगळं उलटं. नव्याण्णवपासून शंभरची पट्टी ही पहिल्यापासून ब्याण्णवपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांएवढी लांब. एक वेताळ लोळवला तर पट्टी सरकायची डोळ्यातल्या कुसळाएवढी. दिवसभर लोळवले तर पापणीच्या केसाएवढी. आणि स्वतः मेलं की एका फटक्यात दहा टक्के मागं. सबीना रात्रंदिवस त्या पट्टीकडे बघायची, उतू जाईल म्हणून दुधाकडे बघावं तशी. पट्टी काही उतू जात नव्हती.

"नव्वद टक्क्यांवर चालेल का उत्तर?" तारिकने एकदा हळूच विचारलं होतं.

"न्हाई."

पुन्हा त्याने विचारलं नाही. रोज संध्याकाळी ढाल घेऊन मुकाट उभा राहायचा. सबीनाला त्या मुकाट उभं राहण्याचाच जास्त राग यायचा. एकदा तरी भांड म्हणावं, म्हणजे हरायला बरं.

इकडे घरात अम्मीला वाटायचं, पोरीच्या मनात नाही. फुफी दोनदा चहा पिऊन गेली होती. आता तिचा निरोप आला: रविवारी पाच वाजता येते, व्हय का न्हाई ते सांगा, नाहीतर विट्याची एक मुलगी बघायची आहे. अम्मीचं नाव दिलशाद. ती शांत बाई, पण शांत बाया एकदाच बोलतात.

"रविवारी बोलायचं, सबीना. तू न्हाई बोललीस तर मी 'न्हाई' म्हणून टाकीन. त्यांना का लटकत ठेवायचं?"

रविवारी सकाळी पट्टी होती नव्याण्णव पूर्णांक दोन दशांश टक्क्यांवर.

"काय रडायचं त्यात," हंबीरराव म्हणाले. "इर्जिक घालू."

हंबीरराव फौजेतले निवृत्त हवालदार, खेळात सबीनाच्याच मंडळातले. मेढ्याच्या वर डोंगरात त्यांची शेती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पुतण्याने मोबाइलवर हा खेळ लावून दिला, आणि गुडघा बरा झाला तरी खेळ सुटला नाही. घरात रेंज नसल्यामुळे ते गोठ्यामागच्या फणसाखाली बाज टाकून युद्ध करायचे. वेताळ मोजायचे ते मोठ्याने, "लाभ, दोन, तीन, चार," असे. सबीनाला पहिल्यांदा वाटलं होतं की लाभ हे कुठल्यातरी वेताळाचं नाव असेल. मग सवय झाली.

"इर्जिक म्हणजे समजली न्हवं? एकाचं रान नांगरायचं असलं की गावाची सगळी औतं त्याच्या रानात. आज सगळे सबीनाच्या रानात. आपण वेताळ मरायला टेकवायचा आणि शेवटचा घाव तिनं घालायचा, म्हंजे गुण तिला. जेवण मात्र रानवालीनं घालायचं बरं का."

"खेळातलं का खरं?" सबीना म्हणाली.

"दोन्ही. माझी बायको ऐकतीय, तिच्यादेखत खोटं कशाला बोलू."

मागून बनुबाईंचा आवाज आला, "पोरी, ह्यांचं ऐकू नको. सकाळपास्नं तीनदा जेवल्यात."

त्या दिवशी खेळात दुप्पट गुणांचा रविवार होता. सातव्या कोटाच्या बुरुजावर साखळवेताळ नावाचं एक धूड बसलेलं असायचं. तो एक पाडला तरी सबीनाचं काम होत होतं, शंभर. पण त्याच्या अंगाला चार साखळ्या. चार माणसांनी त्या ठरल्या क्रमाने ओढायच्या, मग पाचव्याने छातीत घाव घालायचा. क्रम चुकला की वेताळ उठून पाचव्याला गिळतो. मंडळातली माणसं चारच होती: सबीना, तारिक, हंबीरराव आणि जतच्या शाळेतल्या राजेश्वरी मॅडम, ज्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा हजेरी घेतल्यासारख्या बोलायच्या. पाचवा म्हणून तारिकने सद्दामला आणलं. सद्दाम त्याच्या शेजारच्या लेथवर होता. भिवंडीत वाढलेला, दोन वर्षांपूर्वी कुपवाडला आलेला, हाताला फार चपळ.

"साखळ्या मी वाटून देतो," हंबीरराव म्हणाले. "सद्दाम पहिली. मॅडम दुसरी. तारिक तिसरी. चौथी मी. माझ्या मोजणीवर ओढायचं. आपापला आकडा आला की खेच. आधी न्हाई, नंतर न्हाई."

"समजलं काका," सद्दाम म्हणाला. "मी एक नंबर."

"शाब्बास गड्या."

दुपारचे साडेतीन झाले होते. स्वयंपाकघरातून सामोशांचा वास आला आणि अम्मीची हाक आली, "सबीना, पारी लाटायला ये गं." पलीकडे अब्बांचं पिंजण यंत्र घरघरत होतं.

"सबीना, तुमच्याकडं हेलिकॉप्टर उतरलंय का?" राजेश्वरी म्हणाल्या.

"अब्बा कापूस पिंजतायत, मॅडम. अम्मी, आलेच. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं, पाच महिने झाले ऐकतीय," अम्मी आतून म्हणाली.

पाचही जण बुरुजावर चढले. तारिकने ढाल पुढे धरली. वेताळ घोरत होता. सबीनाने अंगठा ओढणीला पुसून काचेवर धरला, सुईत दोरा ओवताना पहिल्यांदा पुसला होता तसा, सहा वर्षांची असताना. तारिक बारीक आवाजात म्हणाला, "सबीना, घाबरू नको." तिला वाटलं, ह्याला कसं कळलं. तिने तर श्वासही धरून ठेवला होता.

"सगळे तयार?" हंबीररावांनी खळ्यावर उभं राहिल्यासारखा घसा साफ केला. "चला. लाभ."

पहिली साखळी जागची हलली नाही.

"दोन."

राजेश्वरींनी ओढली.

"तीन." तारिकने ओढली. "चार." हंबीररावांनी ओढली, आणि सबीनाने सगळा जीव अंगठ्यात आणून घाव घातला.

वेताळाने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तोंड. पडद्यावर सबीनाची खेळातली पोरगी, ती पिवळ्या पदराची, पाच महिन्यांची मेहनत पाठीवर घेतलेली, वेताळाच्या तोंडात गेली आणि तिची तलवार तेवढी खणकन बाहेर पडली. पट्टी सर्रकन मागे आली. एकोणनव्वद पूर्णांक दोन दशांश.

पिंजण यंत्र तेवढ्यात थांबलं, जणू त्यालाही कळलं.

"अय्यो," राजेश्वरी म्हणाल्या. "पहिली कुणी ओढली नाही?"

"मी एक नंबर होतो," सद्दाम रडकुंडीला आला होता. "एकची वाट बघत होतो, मॅडम. एक कुणी म्हणालंच नाही. काका डायरेक्ट दोन म्हणाले."

"आरं लाभ म्हणलो की मी."

"लाभ म्हणजे काय?"

"लाभ म्हंजे एक."

"मग एक म्हणायचं ना, काका."

"तसं म्हणत न्हाईत," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "खळ्यावर धान्य मापताना पयलं माप पडलं की त्याला एक म्हणायचं न्हाई. एक म्हंजे कसं, एकटं वाटतं, उणं वाटतं, अजून सगळं यायचं हाय असं वाटतं. म्हणून म्हणायचं लाभ. पयल्या मापातच भरलं, असं. माझ्या बापानं मला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. तोंडाला वळणच पडलंय रं. सबीना, पोरी, माझं चुकलं. मी आज जेवत न्हाई."

"हे उपाशी राहणार," बनुबाई मागून म्हणाल्या. "तीनदा जेवून."

सबीना हसायला लागली. आधी नाकातून, मग गळ्यातून, मग अशी की तिला खोळींच्या ढिगावर टेकावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. पाच महिने. पाच महिने ती ह्या टोकाला बसून त्या टोकाची वाट बघत होती. केसाकेसाने. आणि साखळी तर पहिलीच ओढायची राहिली होती.

"सबीना?" तारिक म्हणाला. "रडतेस का?"

"तारिक, आज शंभर काही होत न्हाई."

"चालतंय." तो हसत म्हणाला, पण ते हसू मध्येच कुठंतरी अडलं. "पंधरा-वीस दिवस लागतील. थांबतो मी. फुफीला आत्ता फोन करून सांगतो."

"तू थांबशील. मी न्हाई थांबत."

हेडफोनमध्ये नुसतं वारं आलं. मेढ्याच्या फणसाचं असावं.

"म्हणजे?" तारिकने विचारलं.

सबीनाने डोळे मिटले. "लाभ," ती म्हणाली.

कुपवाडला काय झालं ते तिला दिसलं नाही. बुरुजावर काय झालं ते मात्र सगळ्यांना दिसलं. तारिकचा ढालकरी एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, मग कठड्यावरून ढालीसकट थेट खंदकात गेला. त्याचे दहा टक्के खलास.

"भाई, खाली पडलास," सद्दाम म्हणाला.

"पडू दे," तारिक म्हणाला.

"एक मिनिट," हंबीरराव म्हणाले. "मी फौजेतला माणूस हाय, मला रिपोर्ट स्पष्ट लागतो. हे व्हय झालं का न्हाई झालं?"

"आवं, तुमीच शिकवलं आन् तुमालाच कळंना व्हय," बनुबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल नवऱ्याच्या हातातून ओढून घेतला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला, आणि जात्यावर बसल्यासारखा हेलावत आला:

"नव्याण्णव गं पायऱ्या, चढे साताऱ्याची लेक,
लाभ म्हणून मोजलं, न्हाई म्हणाली ती एक."

"बाई, हे लिहून द्या," राजेश्वरी म्हणाल्या. "मी वर्गात घेते."

पाच वाजता फुफी आली. सबीना डोक्यावर ओढणी घेऊन सामोशांचं ताट घेऊन बाहेर आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं आणि गाल भट्टीजवळ बसल्यासारखे लाल. अम्मी समोर बसली होती, 'न्हाई' हा शब्द नीट कसा म्हणावा ते मनात घोळवत.

"दिलशाद, आधी हे सांग, आमच्या पोराला काय झालंय," फुफीने पदर सावरत सुरुवात केली. "मघा फोन आला. हसतोय. मी विचारतेय काय झालं, तर म्हणतोय लाभ. म्हटलं लॉटरी लागली का रे, तर म्हणतोय लाभ. मी गाडीत बसेपर्यंत तेच चाललं होतं त्याचं."

अम्मीने सबीनाकडे पाहिलं. अब्बा दारात उभे होते, दाढीत कापूस. सबीनाला वाटलं आता सांगावं सगळं: वेताळ, साखळ्या, पट्टी, भिवंडीचा सद्दाम. पण ते सांगायला बसलं तर सामोसे गार झाले असते.

ती फुफीपुढे वाकली आणि बशीत एकेक सामोसा ठेवू लागली.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. ती..."

फुफीने बशीवर हात आडवा धरला. कराडच्या शेतकऱ्यांच्या शेजारात चाळीस वर्षं काढलेली बाई ती, 'दोन' ऐकल्यावर तिला खळ्यावरचं माप आठवलं. तिने सबीनाचा पिठाचा हात तसाच आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बस गं," ती म्हणाली. "पहिल्यातच पोट भरलं."

"पण झालंय काय?" अम्मी म्हणाली.

अब्बा दारातून आत आले, सामोसा उचलला आणि म्हणाले, "व्हय म्हणाली पोरगी. आणि मला आत्ता कळलं, त्या माणसाला तीन गाद्या कशाला लागत होत्या."